भाड्याची खोली कोण देणार?

वाचकहो, वाशीमच्या माझ्या कचेरीत वर्षातून दहा-वीस वेळा तरी एकच प्रश्न येतो. कोणी प्राथमिक शिक्षक, कोणी एस. टी.चा वाहक, कोणी आरोग्यसेविका नोकरीतून निवृत्त होते. उपदान आणि भविष्यनिर्वाह निधी मिळून, उभ्या आयुष्यात कधी एकत्र पाहिली नव्हती एवढी रक्कम एका दिवशी हाती पडते. त्या दिवसापासून सल्लागारांची रीघ लागते. मेहुणा म्हणतो, मुलीचे लग्न थाटात करा. मुलगा म्हणतो, गाडी घ्या. दलाल म्हणतो, रस्त्याला लागून प्लॉट आहे, आज इसार द्या, उद्या दुप्पट होईल. सर्वांचे ऐकून झाल्यावर तो मनुष्य माझ्याकडे येतो आणि विचारतो, "वकीलसाहेब, ह्या पैशाचे करावे तरी काय?"

माझे उत्तर ठरलेले आहे. घर बांधा. स्वतःसाठी डोक्यावर छप्पर आधीच असेल तर भाड्याने देण्यासाठी बांधा. चार खोल्यांचे का होईना, पण आपल्या नावाच्या, निर्वेध जागेवर, परवानगी घेऊन, पायापासून स्वतः उभे राहून बांधा.

ह्या उत्तराने तीन प्रकारची माणसे माझ्यावर रुष्ट होतात. पहिला आमचा तरुण कार्यकर्ता. त्याच्या मते घरमालकी ही सावकारीची धाकटी बहीण होय. दुसरा आमचा सुशिक्षित नोकरदार. त्याला वाशीमची धूळ नको असते. पुण्याच्या एखाद्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरचा फ्लॅट म्हणजेच गुंतवणूक, असे त्याने ठरवून टाकलेले असते. तिसरा मनुष्य माझा सल्ला मान्य करतो, घर बांधतो आणि बांधून झाल्यावर जे करतो ते पाहून मलाच माझ्या सल्ल्याची लाज वाटते. ह्या तिघांशी आज मला भांडावयाचे आहे. तिसऱ्याशी सर्वांत अधिक.

बडोद्याची खोली, दादरची इमारत

भाड्याच्या खोलीचा प्रश्न आपल्यापुरता कोठून सुरू होतो हे आपणांस सांगण्याची गरज नसावी. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला एक तरुण बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी उतरला. खिशात पैसे होते, हाताला नोकरी होती, डोक्यात त्या काळच्या हिंदुस्थानात थोड्यांच्याच वाट्याला आलेली विद्या होती. नव्हती ती एक खोली. एका पारशी सराईत रोजी दीड रुपया भाडे देऊन, नाव लपवून त्यांनी काही दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. एका हिंदू मित्राने आणि एका ख्रिस्ती मित्राने आपापल्या अडचणी सांगितल्या. बाबासाहेबांना बागेत बसून वेळ काढावा लागला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपण ती सभेत सांगतो, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात आणि आपण पुढच्या विषयाकडे वळतो.

परंतु ह्या हकीकतीचा उत्तरार्ध किती जणांना ठाऊक आहे? परळच्या चाळीतील दोन खोल्यांत वर्षानुवर्षे संसार आणि ग्रंथ एकत्र सांभाळल्यावर बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले, इम्पीरियल बँकेचे कर्ज काढले आणि दोन इमारती उभ्या केल्या. एक 'राजगृह', बिंबिसाराच्या राजधानीचे नाव धारण करणारी, स्वतःला राहण्यासाठी आणि ग्रंथांसाठी. ती १९३३ साली पूर्ण झाली. दुसरी 'चार मिनार', आणि ती भाड्याने देण्यासाठी. ज्याला सोळा वर्षांपूर्वी बडोद्यात कोणी खोली दिली नव्हती, त्याने मुंबईत खोल्या बांधल्या आणि इतरांना दिल्या.

'राजगृहा'पुढे आपण हात जोडतो. 'चार मिनार'चे नाव मात्र आपल्या भाषणांत येत नाही. का येत नाही? आपल्याला वंदनीय वास्तू आवडते, हिशेबाची वास्तू आवडत नाही, हे त्याचे कारण. घटनाकार म्हणून बाबासाहेब आपण स्वीकारले. अर्थशास्त्राचे आचार्य असलेले, बँकेच्या कर्जाचा हप्ता आणि भाड्याचे उत्पन्न ह्यांचा मेळ घालणारे बाबासाहेब आपण पुस्तकातच ठेवले. घरमालकी म्हणजे सावकारी म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्राने आधी 'चार मिनार'चा विचार करावा, मग माझ्याशी बोलावे.

कायदा उंबरठ्यापर्यंत येतो

"पण आता कायदा आहे ना?" असे कोणी विचारील. आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर आपण नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतो, कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, मिळविण्यास किंवा तेथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. त्याच कायद्याच्या सातव्या कलमाच्या स्पष्टीकरणात घर भाड्याने देण्यास नकार देणे हेही बहिष्काराचे रूप म्हणून नमूद आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे.

इतके कायदे असता खोली नाकारणाऱ्यास शिक्षा का होत नाही? वीस वर्षे न्यायालयात उभा राहिलेला मनुष्य म्हणून सांगतो: जात विचारून नकार देणारा घरमालक आता उरलेला नाही, तो शहाणा झाला आहे. तो आडनाव विचारतो. गाव विचारतो, आणि गावात घर कोणत्या अंगाला आहे हे विचारतो. भिंतीवर कोणता फोटो लावणार हे हसत हसत विचारतो. जेवणात काय चालते ते विचारतो. मग म्हणतो, "अरेरे, कालच एकाला शब्द दिला!" हे वाक्य खोटे आहे हे आपण जाणतो, तो जाणतो, शेजारी जाणतात. न्यायालयात मात्र ते खोटे ठरवावयास पुरावा लागतो, आणि परीक्षा तोंडावर आलेल्या मुलीला पुरावा नको असतो. तिला आज संध्याकाळी पिशवी ठेवावयास जागा हवी असते.

मी अमरावतीस कायद्याचे शिक्षण घेत होतो तेव्हा एका घराच्या माडीवरील खोलीसाठी आगाऊ भाडे देऊन आलो होतो. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेलो तर घरमालकांच्या मातोश्रींनी दारातच पैसे परत केले. कारण सांगितले नाही. पावती तर मागितलीच नव्हती. भारतीय दंडविधानाचे पुस्तक माझ्या पिशवीत होते. त्याचा त्या दारात काडीचाही उपयोग झाला नाही.

हा दोष केवळ एका घराचा नव्हे. दिल्ली आणि तिच्या परिसरात सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. नाव सांगताच दलितांना नकार कसा मिळतो आणि मुसलमानांना त्याहूनही अधिक कसा मिळतो, हे त्यात दिसून आले. त्याच २००० नंतरच्या काळात, २००५ साली, एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच समाजातील लोकांना सभासदत्व देण्याचा संस्थेचा नियम वैध ठरविला. अमेरिकेचे उदाहरण घ्या. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या हत्येनंतर अवघ्या आठवड्यात, एप्रिल १९६८ मध्ये, तेथे घरभाड्यातील वर्णभेदाविरुद्ध मोठा कायदा झाला. परंतु त्या कायद्यानेही, ज्या घरात मालक स्वतः राहतो आणि चारपेक्षा अधिक बिऱ्हाडांची सोय नाही, अशा लहान घरमालकास सूट ठेवली. तात्पर्य, जगात कोठेही कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आत कोण येणार हे, ज्याच्या हाती किल्ली आहे तो ठरवितो. म्हणून कायद्यासाठी लढत असतानाच काही किल्ल्या आपल्याही हाती असल्या पाहिजेत.

वाशीमच का?

आता सातव्या मजल्यावरील फ्लॅटचे स्वप्न पाहणाऱ्या मित्राकडे वळू. वाशीम हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. जिल्हा झाला म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली, पोलीस मुख्यालय आले, आणि ह्या प्रत्येक कचेरीबरोबर बदलून येणारे कर्मचारी आले. २०१८ साली केंद्राने देशातील मागास म्हणून निवडलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत वाशीमचे नाव घातले. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले.

ह्या प्रत्येक घटनेबरोबर खोली शोधणारी माणसे येतात. परिचारिका, प्रयोगशाळेतील सहायक, तलाठी, बँकेचा नवा कारकून. रिसोड आणि मानोऱ्याच्या खेड्यांतून स्पर्धा-परीक्षेच्या तयारीसाठी आलेली मुले-मुली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्यासाठी पैसे मिळतात. पण पैसे मिळाले म्हणजे खोली मिळाली असे होत नाही. शासन भाडे देईल, खोली कोण देणार? पुण्याचा तुमचा फ्लॅट ह्या मुलीच्या काय कामाचा?

हिशेब

आता मी माझ्याच सल्ल्याविरुद्ध काही बोलतो, कारण दलाल हे बोलणार नाही. भाड्याच्या घराने मनुष्य एका रात्रीत श्रीमंत होत नाही. उदाहरणादाखल आकडे मांडून पाहू. ते ज्याने त्याने आपल्या गावच्या भावाप्रमाणे बदलून घ्यावेत.

भूखंड ६ लाखांचा धरा. ९०० चौरस फूट बांधकाम १,६०० रुपये दराने म्हणजे १४ लाख ४० हजार. कूपनलिका, वीजजोडणी, परवानगी, नोंदणी मिळून १ लाख ६० हजार. एकूण २२ लाख. त्यात खोली-स्वयंपाकघराची चार बिऱ्हाडे बसतील. प्रत्येकी ३,५०० रुपये भाडे धरले तर महिन्याचे १४,००० आणि वर्षाचे १ लाख ६८ हजार. वर्षात एक महिना खोल्या रिकाम्या राहतील असे समजून १४,००० वजा करा. घरपट्टी, रंग, नळ, मोटार दुरुस्तीचे २०,००० वजा करा. राहिले १ लाख ३४ हजार, म्हणजे गुंतवणुकीवर वर्षाला सुमारे सहा टक्के. बँकेतील मुदतठेवही कमीअधिक तेवढेच देते, आणि मुदतठेवीचा नळ गळत नाही!

आता कोणी उत्साहाच्या भरात ह्यातील १५ लाख कर्जाने उभे करील, तर नऊ टक्के व्याजाने पंधरा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे १५,२०० रुपये येईल. चारही खोल्या बारा महिने भरलेल्या असल्या तरी भाडे १४,०००. म्हणजे घर भाडेकरूंचे, मालकी बँकेची आणि निवृत्तिवेतन हप्त्याचे. ह्याच्या उलट भूखंड आणि पहिल्या दोन खोल्या स्वतःच्या पैशाने बांधल्या, आणि त्यांचे भाडे सुरू झाल्यावर उरलेल्या दोहोंसाठी ७ लाखांचे कर्ज घेतले, तर हप्ता सुमारे ७,१०० येतो. सर्व खर्च जाऊन भाड्याचे महिना अकरा हजार उरतात. हप्ता निघून घरात चार हजार राहतात. हप्ता पंधरा वर्षे तोच राहील. भाडे काळाप्रमाणे वाढेल. सोळाव्या वर्षी सर्व उत्पन्न तुमचे.

म्हणून माझा नियम एवढाच. जमीन कधीही कर्जाने घेऊ नये. पहिली वीट स्वतःच्या पैशाची असावी. कर्जाचा हप्ता निव्वळ भाड्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक असू नये. एकट्याची ऐपत नसेल तर दोन भावांनी, तीन स्नेह्यांनी मिळून बांधावे. परंतु हिस्सा, खर्च आणि बाहेर पडण्याची रीत ह्यांचा लेखी करार आधी करावा. माझ्या कचेरीतील निम्मे दावे अशा स्नेह्यांचेच असतात, ज्यांनी "आपल्यात कागद कशाला?" असे म्हटले होते.

कागद

कागद कशाला, ते ऐका. एका निवृत्त चालकाने आपले सर्व उपदान एका प्लॉटवर घातले. व्यवहार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीपुढे झाला. ठसठशीत शिक्का पाहून तो निश्चिंत झाला. चार वर्षांनी बांधकामास गेला तर तेथे दुसऱ्याचे कुंपण होते. विकणाऱ्याने तोच भूखंड नोंदणीकृत खरेदीखताने दुसऱ्यास विकला होता. नोटरीचा शिक्का सही कोणाची हे सांगतो. मालकी देत नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नोंदणीकृत खतानेच होते, आणि मुखत्यारपत्रावरच्या 'विक्री'ने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुन्हा बजावले आहे. पैसे परत मिळविण्याच्या दाव्यालाही मुदत असते. ती तीन वर्षांची. चालक चौथ्या वर्षी आला होता. त्याला मी काय सांगावयाचे?

तेव्हा इसार देण्यापूर्वी सातबारा पाहा. भोगवटादार वर्ग २ असे लिहिले असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती जमीन घेऊ नका. शासनाने भूमिहीनांस दिलेल्या जमिनी बहुधा ह्याच वर्गातील असतात, आणि आपलाच मनुष्य आपल्याच मनुष्यास त्या विकतो तेव्हा दोघेही बुडतात. आदिवासी बांधवाची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आडवे येते, आणि ते यावयासच पाहिजे. नझूलची जागा असेल तर पट्ट्याची मुदत आणि शर्ती वाचा. मंजूर अभिन्यास आणि अकृषिक आदेश मागा. गुंठेवारीचा तुकडा असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झाला आहे काय हे पाहा. विक्रेत्याच्या "होऊन जाईल" ह्या शब्दावर जाऊ नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून कोणी मालक म्हणवून घेत असेल तर तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवा. तीस वर्षांचा शोध घ्या. त्याला लागणारा खर्च एका रविवारच्या मेजवानीहून अधिक नसतो.

आणि खरेदीखतावर पत्नीचे नाव घाला. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. हे ज्याला जाचते त्याने निदान चौदा एप्रिलला स्त्रीमुक्तीवर भाषण करू नये.

पाया

बांधकामाविषयी वकिलाने फार बोलू नये; परंतु पायाशी चुकलेले घर शेवटी वकिलाकडेच येते. आपली माती काळी, कसदार, कापसा-सोयाबीनला उत्तम आणि घराला वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घालून उभी केलेली भिंत दोन-तीन वर्षांत कोपऱ्यातून तिरकी तडकते. पक्का मुरूम लागेपर्यंत खोदावे, काढलेली काळी माती पुन्हा पायात भरू नये, मुरूम भरून ठोकावा, आणि जोत्याच्या पातळीवर सर्व बाजूंनी सळईची पट्टी बांधावी. पुढे वरचा मजला चढविण्याचा विचार असेल तर आजच पाया आणि खांब त्या वजनाचे घालावेत. तेथे वाचविलेले पन्नास हजार पुढे पाच लाखांना महाग पडतात. दिवाळीनंतर काम काढावे आणि पावसाआधी स्लॅब उरकावा. स्लॅबला आणि भिंतींना पुरेसे दिवस पाणी मारावे. वाशीम शहर एकबुर्जी धरणाच्या पाण्यावर तहान भागविते. उन्हाळ्यात बांधकामाला पाणी कोठून आणणार हे आधी ठरवा, आणि छपरावरचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय पहिल्याच दिवशी करा.

प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र शौचालय, स्वतंत्र वीजमापक, आतून लागणारी भक्कम कडी आणि उजेडाची एक खिडकी. एकटी राहणारी परिचारिका रात्रपाळी करून पहाटे परत येते. जिन्यात दिवा असावा. ही चैन नव्हे. आपल्या आईबापांनी ज्या खोल्यांत आयुष्य काढले तशाच खोल्या आपण इतरांसाठी बांधावयाच्या असतील तर न बांधलेल्या बऱ्या.

आपलाच उंबरठा

आता तिसऱ्या माणसाकडे येतो. हा मनुष्य माझा पक्षकार आहे, स्नेही आहे, विहाराच्या कामात पुढे असतो. त्याने माझ्या सल्ल्याने सहा खोल्या बांधल्या. गेल्या वर्षी एक मातंग कुटुंब त्याच्याकडे खोली पाहावयास गेले. त्याने विचारले, "गाव कोणते? आडनाव काय?" आणि मग म्हणाला, "अरेरे, कालच एकाला शब्द दिला!"

वाचकहो, तेच वाक्य. अमरावतीच्या त्या माडीपासून निघून ते वाक्य आपल्या घराच्या ओसरीवर येऊन बसले आहे. मी त्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "आपल्या लोकांनाच खोल्या पुरत नाहीत, आधी आपल्यांची सोय नको काय?" मी विचारतो, आपले कोण? ज्याने बडोद्यात आपल्या जातीवरून बाहेर काढलेला मनुष्य आपला म्हणून पुजला, त्याला दारात उभा असलेला मातंग परका कसा? चर्मकार परका कसा? मुसलमान रिक्षावाला, पोहरादेवीकडून शिकावयास आलेला बंजारा मुलगा, नवऱ्याने टाकलेली ब्राह्मण स्त्री, हे परके कसे? जात विचारून खोली देणारा बौद्ध असेल, तर त्याने धर्म बदलला, घरमालक बदलला नाही.

माझ्या तरुण मित्राच्या आक्षेपात म्हणूनच एक कण सत्याचा आहे, आणि तो मी मोकळ्या मनाने मान्य करतो. हाती किल्ली आली म्हणजे माणसाचा मेंदू बदलतो. त्यावर उपाय किल्ली टाकून देणे हा नव्हे. स्वतःला नियमाने बांधून घेणे हा होय. आणि तो नियम बऱ्याच अंशी कायद्यात तयार आहे. विदर्भात १९४९ चा जुना भाडे-नियंत्रण आदेश होता. त्याच्या भीतीने पुष्कळांनी घरे बंद ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडून त्याला हुसकावता येत नाही. कलम २९ त्याच्या पाठीशी आहे. जो कागद भाडेकरूचे रक्षण करतो तोच कागद मुदत संपल्यावर खोली परत मिळविण्यास मालकाला उपयोगी पडतो. कागदावर दोघे समान असतात. सावकारी आणि घरमालकी ह्यांतील अंतर ते हेच.

ह्यापुढे चार गोष्टी कायद्यात नाहीत, त्या आपण आपल्या दारावर लिहाव्यात. खोली रिकामी झाली की पाटी लावावी, आणि जो पहिला येऊन भाडे व अनामत देण्यास तयार होईल त्यास ती द्यावी. आडनाव करारावर लिहिण्याच्या वेळी विचारावे, त्यापूर्वी नव्हे. प्रत्येक भाड्याची पावती द्यावी. आणि एकट्या स्त्रीस "येणारे-जाणारे कोण?" असे विचारू नये, पुरुष भाडेकरूला आपण ते विचारीत नाही.

'चार मिनार'चे पुढे काय झाले हे सांगून संपवितो. १९४१ साली बाबासाहेबांनी ती इमारत विकली. कर्ज फेडावयाचे होते आणि ग्रंथ घ्यावयाचे होते. इमारत गेली, तिचे ग्रंथ झाले, आणि त्या ग्रंथांतून पुढे काय झाले हे देश जाणतो. घर कशासाठी बांधावयाचे ह्याचे उत्तर त्यात आहे. भाड्याच्या पैशातून नातीचे शिक्षण झाले, एका मुलीला परीक्षेपूर्वी दोन वर्षे शांत खोली मिळाली, तर त्या सहा टक्क्यांचे मोल बँकेच्या कोणत्याही पुस्तकात मावणारे नाही.

माझ्या त्या सहा खोल्यांच्या स्नेह्याकडे येत्या महिन्यात एक खोली रिकामी होत आहे. ते मातंग कुटुंब अद्याप स्टेशनच्या पलीकडे पत्र्याच्या खोलीत राहते. हा लेख मी त्याला वाचावयास देणार आहे. खोली कोणास मिळाली ते पुढे कधी आपणांस कळवीन.

जय भीम.